दोन बोटं तार

१२ जानेवारी

काका,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नका. आणि उशीर झाला म्हणून रागवू नका. एका बोटाने टाइप करते, एक अक्षर सापडेपर्यंत आधीचं काय लिहिलं ते विसरते. पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवत होते, पण ते पाठ व्हायच्या आतच शाळा सुटली. म्हणून नुसतं काका.

तुम्ही फोन केला तेव्हा मी घरीच होते. आई खोटं बोलली. फोन कानाला लावला की माझी बोबडी वळते, तुम्हाला माहीतच आहे. लिहायला बरं वाटतं. मध्ये कोणी बोलत नाही आणि कोणी तोंडाकडे बघत बसत नाही.

मला काम लागलं. इमारतींमध्ये आगीचे अलार्म, कॅमेरे, दारांची विजेवरची कुलपं, असं सगळं बसवणारी कंपनी आहे. ऑफिस म्हणजे एक लांब खोली. पुढे काचेच्या आत साहेब, मागे खोक्यांचा ढीग आणि ढिगाच्या मागे मी. साहेबांच्या भिंतीवर एक आलेख लावलाय, त्यातली रेघ नुसती वर वर जाते. गिऱ्हाईक आलं की साहेब तिच्यावर बोट ठेवून सांगतात, सगळ्या आशियात हाच धंदा वाढतोय, इमारती वर चालल्यात आणि त्यांच्या मागोमाग आपण. गिऱ्हाईक मान हलवतं. मी पण मागून हलवते.

माझं काम तारांचं. मिस्त्री आहेत एक, वयाने तुमच्याएवढे, ते सगळी फिटिंग करतात. त्यांनी शिकवलं. लाल तार दोन बोटं लांब कापायची, दोन्ही टोकं सोलायची, आतलं तांबं पिळायचं, एक केसही बाहेर राहता कामा नये. मग जुड्या बांधायच्या. अशा तारेला जंपर म्हणतात. मिस्त्री म्हणाले, इतकी वर्षं पोरं ठेवली पण असा हात कोणाचा बघितला नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, चला, आठवी वाया नाही गेली.

त्या तारा कुठे लावतात ते विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं.

काकू कशी आहे? अजून उभ्यानेच इस्त्री करते का दिवसभर? पाय सुजतात का?

तुमची,
तुम्ही म्हणता ती


२० जानेवारी

गप्पीदास हिला अनेक आशीर्वाद.

काय गं, तोंडातून चार शब्द काढायचे तर तुला घाम फुटतो आणि लिहायला बसलीस तर गाडी थांबत नाही. वाचता वाचता माझी ड्यूटी अर्धी संपली. गेटवर फोनवर बोललेलं मालकाला चालत नाही, वाचलेलं चालतं. म्हणजे कळत नाही. तेव्हा लिहीत जा.

तुझी कंपनी आणि माझी खुर्ची म्हणजे नात्यातली निघाली की. आमच्या बिल्डिंगमध्ये पण मागच्या वर्षी हेच सगळं बसवलं. पॅनल माझ्या खुर्चीच्या मागेच आहे. तुला माहीत आहे ना, खाली कापड, मधल्या मजल्यांवर शिलाई आणि चौथ्यावर इस्त्री, तिथे तुझी काकू. सुरुवातीला काय वैताग होता म्हणून सांगू. चौथ्यावर वाफ साचली की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की जिन्याची सगळी दारं आपोआप उघडायची आणि सगळ्या बाया खाली अंगणात. मालक म्हणायचा, मी अलार्म नाही बसवला, शाळेची घंटा बसवली. त्यात मागच्या जिन्याने माल चोरीला जायला लागला आणि बोलणी कोणाला? गेटवरच्या म्हाताऱ्याला.

मग एक माणूस आला. पॅनलच्या पेटीत डोकं घातलं, जरा खुडबुड केली आणि गेला. तेव्हापासून भोंगा वाजतो पण दारं जागची हलत नाहीत. मी बटण दाबतो, भोंगा गप्प. मी आणि माझी खुर्ची, राजाराणी.

बाया आता मानसुद्धा वर करत नाहीत. काकूच्या शेजारच्या टेबलावर एक आहे, तिला सगळे बुटकी म्हणतात. लोखंडाच्या इस्त्रीपेक्षा जेमतेम उंच. ती म्हणते, वाजतंय तर वाजू दे, माझ्या नवऱ्यासारखं आहे, ओरडतं पण करत काही नाही. काकू घरी येऊन मला रोज बुटकीचं काहीतरी सांगते आणि माझ्याकडे बघून हसते. संशय येतो.

पाय सुजतात. सांगत नाही, पण सुजतात.

काका


४ फेब्रुवारी

काका,

मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा आजारी पडला म्हणून मला पहिल्यांदा साइटवर नेलं. मोठं गोडाऊन होतं, वर कामगारांच्या राहायच्या खोल्या. मी शिडी धरली. मिस्त्रींनी काठीला लावलेल्या डब्यातून धूर सोडला. भोंगा वाजला आणि जिन्याची दारं टक करून सुटली. तुम्ही लिहिलं होतं तशीच. त्यांची कुलपं म्हणजे लोहचुंबक असतं, वीज असेपर्यंत दार घट्ट धरतं. अलार्म वाजला की वीज तुटते आणि दार सुटतं. तपासणीच्या माणसाने ते बघितलं, सही केली आणि गेला.

तो गेल्यावर तिथला मालक मिस्त्रींच्या कानाशी काहीतरी बोलला. मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, दे एक. मी जुडीतली तार काढून दिली. त्यांनी ती पेटीत दोन स्क्रूंमध्ये बसवली. मग परत धूर सोडला. भोंगा वाजला. दारं हलली नाहीत.

परत येताना गाडीत मी विचारलं. खरंच विचारलं काका, तोंडाने. मिस्त्री गाडी चालवत बोलले, आगीला दार उघडं लागतं, चोरीला बंद लागतं, आणि साहेब दोन्ही एकाच पॅकेजमध्ये विकतात. गिऱ्हाईक आगीपेक्षा चोराला जास्त घाबरतं. माझी तार विजेला मागच्या वाटेने नेते, म्हणून अलार्मने वीज तोडली तरी कुलूप धरूनच राहतं. मी म्हटलं, आणि खरी लागली तर? म्हणाले, दाराशेजारी हिरवं बटण असतं, दाबायचं. कोणी दाबायचं, धुरात ते दिसतं का, ते नाही बोलले. मग म्हणाले, सगळेच मागतात, आपण नाही लावली तर दुसरा लावेल.

तुमच्या पेटीत डोकं घालून गेला तो माणूस कोणत्या कंपनीचा मला माहीत नाही, पण त्याने हेच केलंय. तुमच्याकडे पेटीची किल्ली असेल. उघडून बघा. दोन बोटांची तार असेल, दोन्ही टोकं सोललेली.

काकू चौथ्या मजल्यावर आहे.


११ फेब्रुवारी

गप्पीदास,

उघडली पेटी. आहे. लालच आहे. टोकं इतकी नीट सोलली आहेत की मला तुझ्याच हातची वाटली. मला उगाच कौतुक वाटलं.

पण पोरी, नसती उठाठेव कशाला? मालकाचं मीठ खातो. त्याने लावून घेतली, त्याने काढावी. इथे इतकी वर्षं काही पेटलं नाही. एकदा फक्त एका कचऱ्याच्या डब्यात कोणीतरी विडी टाकली होती, ती मी पायानेच विझवली. आणि गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे, मी खाली बसलोय, घाबरतेस कशाला?

काकूला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, पोर बोलायला लागली बघा. हिरवं बटण आहे म्हणे तिच्या दाराशी, पण त्याच्यापुढे इस्त्री झालेल्या मालाच्या थप्प्या असतात.


१४ फेब्रुवारी

काका,

टाकी गच्चीवर, तुम्ही गेटवर, आणि एक जिना चढलात की तुम्हाला धाप लागते. कोण विझवणार?

सोपं आहे. पेटी उघडायची. वरचा स्क्रू अर्धा फिरवायचा, तार ओढायची. चिमटा लागत नाही. ती किती घट्ट बसते मला माहीत आहे. बाकी कशाला हात लावू नका.

मी कधी कोणाकडे हट्ट केला नाही. शाळा सोडायला सांगितली तेव्हापण नाही. हा करते.


९ मार्च

गप्पीदास,

लिहायला उशीर झाला, कारण आधी सांगण्यासारखं नव्हतं आणि मग सांगवेना.

तुझ्या पत्रानंतर दोन आठवडे मी रोज त्या पेटीकडे बघत बसलो. सकाळी काकू जिन्याकडे जाताना माझ्यापुढून जाते, ओळख दाखवत नाही, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तिच्या चपला बघितल्या की तुझं पत्र आठवायचं. शेवटी एक दिवस काढली. अर्धा स्क्रू, तू म्हणालीस तसं. खिशात टाकली.

आणि नशीब बघ. दुसऱ्याच दिवशी दुपारी वाफ साचली, भोंगा वाजला आणि सगळी दारं टक. इतके महिने बंद असलेली दारं उघडलेली बघून बाया आधी बावरल्या, मग सगळ्या खाली. अंगणात ऊन होतं. बुटकी म्हणाली, अरे देवा, नवरा सुधारला की काय. सगळं अंगण हसलं. काकूसुद्धा. मी गेटवर उभा होतो आणि मला वाटलं, बस, पोरीने सांगितलं ते बरोबर होतं.

मालक आला. तयार मालाचा एक गठ्ठा कमी भरला. खरंच गेला की नव्हताच, देव जाणे. पेटी उघडली, तार नाही. खिसे तपासले. तार माझ्या खिशात. मूर्खासारखी जपून ठेवली होती, टाकवली नाही, तुझ्या हातची वाटली म्हणून.

त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, किती दिले चोरांनी? काय सांगणार, पुतणीने पत्र लिहिलं?

संध्याकाळपर्यंत तार परत बसली आणि पेटीला नवीन कुलूप लागलं, किल्ली मॅनेजरच्या कमरेला. मला काढलं. आता समोरच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवतो. गेट इथून दिसतं. पगार निम्मा.

तू वाईट वाटून घेऊ नकोस.

काका


१५ मार्च

काका,

वाईट वाटू नको म्हणालात तर काय वाटू ते पण सांगा.

आईने तुमचं पत्र वाचलं. माझ्याशी बोलत नाही. म्हणजे आता घरात कोणीच बोलत नाही.

काकूला तिथून काढा. दुसरीकडे कुठेही. तुम्हाला त्यांनी चोर म्हटलं तिथे ती कशी जाते?

मी पण काम सोडते म्हटलं आईला. तेवढ्यापुरती आई बोलली, सोड, मग मी एकटीने कमवते, तू भिंतीकडे बघत बस. मिस्त्रींना म्हटलं मला दुसरं काहीतरी द्या, खोकी उचलते. ते म्हणाले, खोकी कोणीही उचलतं.


२ एप्रिल

गप्पीदास,

काकूला म्हटलं. म्हणाली, दोघंही घरी बसलो तर काय भिंती चाटायच्या? ते बरोबरच आहे. आणि बुटकी आहे तिथे, म्हणाली, तिला सोडून कुठे जाऊ.

हिरव्या बटणासमोरच्या थप्प्या हलवायला काकूने सांगितलं होतं. एक दिवस हलवल्या, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. जागाच नाही ठेवायला.

इकडे सगळं ठीक. शिट्टीची सवय होतेय.


२१ एप्रिल

काका,

ऑफिसमधल्या टीव्हीवर आग दाखवत होते. साहेबांनी आवाज मोठा केला. मी ढिगाच्या मागून बघितलं. निळं पत्र्याचं गेट मी ओळखलं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुम्ही त्याच्यापुढे उभे होता.

मी फोन केला. तुम्ही उचललात. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही, काही केल्या निघाला नाही. तुम्ही म्हणालात, गप्पीदास का गं? मागे गाड्यांचे आवाज येत होते. मग फोन तुटला. तेव्हापासून लागत नाही.

एक शब्द लिहा. एकच.


६ मे

पोरी,

काकू आहे. म्हणून आधी तो एक शब्द लिहिला. हॉस्पिटलमध्ये आहे. बाकीचं आता लिहितो, फोन बिघडला होता.

सकाळचं काम सुरू झालं होतं. आग दुसऱ्या मजल्यावर लागली, शिलाईला वर नेलेल्या कापडाच्या ताग्यांना. तुझ्या साहेबाला सांग, भोंगा उत्तम वाजला. पार्किंगपर्यंत आला. मी ऐकला आणि जागचा हललो नाही. वाफ असेल म्हटलं. वरच्या बायांनीही तेच म्हटलं. मग मला खिडकीतून काळं दिसलं.

मी पळालो. गेटवर नवीन पोरगा आहे, तो पॅनलची सगळी बटणं दाबत होता. रडत दाबत होता. मॅनेजर कुठेतरी बाहेर, किल्ली त्याच्या कमरेला. मी परत पार्किंगमध्ये गेलो, एका गाडीतून जॅकचा दांडा घेतला आणि पेटी फोडली. आत शंभर तारा. पण मला माहीत होतं कुठली. स्क्रू फिरवायला वेळ नव्हता, हिसका दिला.

दारं सुटली. तो टक मला खाली गेटवर ऐकू आला असं वाटतं, आला नसेल.

तिसऱ्यावरच्या बऱ्याच आल्या. चौथ्यावरच्या दाराशी होत्या त्या आल्या. काकू दाराशी होती. इस्त्रीने दार ठोकत होती. दार सुटलं तशी बाहेरच पडली, इस्त्री हातात. दुसऱ्या हातात बुटकीचा हात होता म्हणे. बुटकी धुराने आधीच खाली बसली होती. मागून लोंढा आला आणि हात सुटला.

बुटकीला मी ओळखायला गेलो. तिच्या नवऱ्याला ओळखता येईना, म्हणून मला बोलावलं. चपलेवरून ओळखली. नवरा एक शब्द ओरडला नाही. नुसता उभा राहिला.

काकूचा घसा धुराने गेलाय. आवाज येत नाही. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. मी तिला म्हटलं, आता घराण्यात दोन गप्पीदास झाल्या. हसेल वाटलं. नाही हसली.

तू पत्र लिहिलं नसतंस तर मी त्या पेटीपुढे पोरासारखा रडत बसलो असतो. हे लक्षात ठेव. आणि मी तार खिशात न ठेवता नाल्यात टाकली असती तर गेटवर मीच असतो, किल्ली माझ्याकडे असती. हे पण डोक्यातून जात नाही.

काका


२८ मे

काका,

काकूला द्यायला आईने पैसे पाठवलेत, ते घ्या. नाही म्हणू नका. आई आता माझ्याशी बोलते.

तुमचं पत्र मी मिस्त्रींना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, फोन मला परत दिला आणि शिडी उचलून बाहेर गेले.

त्या आगीनंतर साहेबांचा फोन खाली राहत नाही. सगळ्यांना अलार्म हवेत, लगेच हवेत. साहेबांनी तुमच्या बिल्डिंगचे फोटो मोठे करून घेतलेत आणि गिऱ्हाइकांना दाखवतात, बघा, चांगली कंपनी नव्हती म्हणून असं झालं. दुसऱ्याच्या जळत्या घरावर पोळी भाजणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. मग गिऱ्हाईक सही करतं, उठता उठता हळूच विचारतं, दारांचं तेवढं बघाल ना? साहेब म्हणतात, बघू की. आणि मला सांगतात, जुड्या वाढव.

म्हणून मी वाढवल्या. पण आता मी तार आधी मधोमध पकडीने पकडते आणि वाकवते, इकडे तिकडे, आतलं तांबं तुटेपर्यंत. तुटल्याचं बोटाला कळतं, बारीक खट होतं. वरचं लाल तसंच राहतं. मग सरळ करते, टोकं सोलते, पिळते. बाहेरून बघाल तर पहिल्यापेक्षा नीट. पेटीत बसवली तरी एरवी काही फरक पडत नाही, दार बंदच राहतं, मालक खूश. पण अलार्म वाजला की वीज माझ्या तारेतून जायला बघेल आणि तिला पलीकडे वाट नसेल. दार सुटेल.

काल मिस्त्रींनी जुडीतली एक उचलली. दोन बोटांत धरून वाकवली. ती नको तितकी सहज वाकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, हात चांगला आहे तुझा, आणि सगळी जुडी पिशवीत टाकली. आता ते लावून झाल्यावर परत धूर सोडून बघतात की नाही, मला माहीत नाही. तिसऱ्या माणसाला कळलं की मला काढतील. काढू देत.

पण काका, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मी ज्या केल्या त्या चांगल्या आहेत. त्या कुठे कुठे गेल्या ते मला माहीत नाही. मी मिस्त्रींना विचारलं, तोंडाने विचारलं. ते म्हणाले, त्यांनापण सगळ्या आठवत नाहीत. रस्त्याने चालताना मी आता वर बघत चालते. ज्या इमारतीच्या जिन्याला ती कुलपं दिसतात तिथे थांबते. आत जाऊन कोणाला तरी सांगावं वाटतं. दोनदा गेले. एकदा वॉचमनने हाकललं. एकदा तिथे म्हातारा होता, तुमच्यासारखा, त्याने ऐकून घेतलं, पेटी उघडली आणि म्हणाला, कुठली गं? मी दाखवली. त्याने काढली का ते माहीत नाही, मालक आला म्हणून मी पळाले. उद्या परत जाणार आहे.

काकूला हे सगळं वाचून दाखवू नका. हे पुढचं मात्र दाखवा, आणि हसली तर मला लिहा. आमच्या वरच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर आहेत ना, ज्यांना जिन्यात कोणी नमस्कार केला तरी चालत नाही, त्यांनी लग्न केलं. कोणाला सांगितलं नाही. आज सकाळी बायको पुढे, तिची पेटी डोक्यावर घेऊन मास्तर मागे, असे जिना चढत होते.